भंडाऱ्याचे आकडे : शोधायचे कुठे, वाचायचे कसे

६ ऑगस्ट २०२१. शुक्रवारचा दिवस. भंडारा जिल्ह्यातील उपचाराधीन कोरोना रुग्णांची संख्या त्या दिवशी शून्यावर आली. शेवटचा रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि नवा एकही आढळला नाही. राज्यात हा टप्पा गाठणारा भंडारा पहिला जिल्हा, अशी बातमी सगळीकडे झळकली. त्याच वर्षी एप्रिलच्या मध्यात याच जिल्ह्यात एका वेळी बारा हजारांवर रुग्ण उपचाराखाली होते. त्या दिवसांची आठवण ताजी असलेल्यांना बातमी वाचून हायसे वाटले. काहींना मात्र शंका आली. तपासण्याच बंद केल्या असतील, तर रुग्ण सापडणार कुठून?

शंका रास्त होती. असल्या शंकेला भाषणाने उत्तर देता येत नाही, दुसऱ्या आकड्याने देता येते. त्या दिवशी जिल्ह्यात पाचशेहून अधिक नमुने तपासले गेले होते आणि त्यातला एकही पॉझिटिव्ह निघाला नव्हता. एकही तपासणी न करता आलेले शून्य आणि पाचशे तपासण्यांनंतर आलेले शून्य, दोन्ही कागदावर सारखीच दिसतात. फरक कळतो तो तपासण्यांची संख्या शेजारी मांडली तरच. आणि शून्य म्हणजे रोग संपला असेही नव्हे. त्या घडीला नोंदीत असलेला, उपचाराखालचा रुग्ण नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत रुग्ण पुन्हा आढळू लागलेच.

हे दोन्ही आकडे सामान्य माणसाला घरबसल्या, कुणाच्या परवानगीविना पाहता यावेत, उतरवून घेता यावेत, त्यांचा हिशेब करता यावा आणि तो दुसऱ्याला देता यावा, याला खुला डेटा म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘विदा’ असा चांगला शब्द आहे. पण तो अजून लेखांतच राहतो, बोलण्यात डेटाच येतो. भारतात याला कायद्याचा आधार आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ याचे कलम ४ सांगते की, सरकारी कार्यालयाने अर्जाची वाट न पाहता जास्तीत जास्त माहिती आपणहून प्रसिद्ध करावी. त्यानंतर २०१२ मध्ये केंद्राने डेटा वाटपाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ हे संकेतस्थळ सुरू झाले. २०१७ मध्ये या डेटासाठी परवानाही ठरला : स्रोताचा उल्लेख करा आणि खुशाल वापरा.

मोफत दिसणे आणि खुले असणे यात मात्र फरक आहे. कार्यालयाच्या भिंतीवरचा फलक सगळ्यांना दिसतो, पण त्यावरून दहा वर्षांचा आलेख काढता येत नाही.

नोंदींचा उपयोग काय, याचे वैद्यकशास्त्रातले नेहमी सांगितले जाणारे उदाहरण लंडनचे आहे. १८५४ साली तिथल्या सोहो भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांना पाण्याचा संशय होता. त्यांनी मृत्युनोंदणी कार्यालयाकडे परवानगी मागून मृतांची यादी घेतली. तीन दिवसांतले ८३ मृत्यू त्यांनी घर घर फिरून तपासले. जवळपास सगळे मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या आसपासचे होते. फक्त १० मृत्यू अशा घरांत झाले होते, ज्यांना दुसरा पंप जवळ पडत होता. उरलेल्या ७३ पैकी ६१ जण त्या पंपाचे पाणी पीत असल्याचे घरच्यांनी सांगितले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागलीच होती, हेही स्नो यांनीच लिहून ठेवले आहे.

या गोष्टीतला दुसरा माणूस सहसा सांगितला जात नाही. लंडनच्या मृत्युनोंदींचे काम विल्यम फार हे सांख्यिकीतज्ज्ञ पाहत. दर आठवड्याला मृत्यूंचे आकडे कारणांसह छापून काढण्याची शिस्त त्यांचीच. आणि पटकी दूषित हवेने पसरते, असे त्या काळी खुद्द फार यांचे मत होते. म्हणजे स्नो यांचा सिद्धान्त मान्य नसतानाही नोंदी त्यांच्यासाठी खुल्या राहिल्या. आपले मत खोटे ठरवू शकेल अशा माणसाच्याही हाती आकडे पडू देणे, ही खुलेपणाची खरी कसोटी आहे. फार यांनी पुढे आपले मत बदलले, तेही आकडे पाहूनच.

आपल्याकडे तशी वेळ कोरोनात आली. मार्च २०२० मध्ये देशभरातील काही स्वयंसेवकांनी ‘कोविड१९इंडिया’ नावाचे संकेतस्थळ उभे केले. राज्ये रोज पत्रके काढत, पण प्रत्येकाचा नमुना वेगळा. कुणाचे पत्रक पीडीएफमध्ये, कुणाचे चित्र, कुणाचे नुसते ट्विट. स्वयंसेवक ते वाचून, हाताने टंकून, जिल्हावार तक्त्यात भरत आणि तो तक्ता कुणालाही उतरवून घेता येई. संशोधक, वर्तमानपत्रे, सगळ्यांनी तो वापरला. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी काम थांबवले, साठलेला डेटा मात्र खुला ठेवून. हे काम फुकट झाले याचे कौतुक व्हावेच. पण दीड वर्षाहून अधिक काळ ते स्वयंसेवकांना का करावे लागले, हा प्रश्न कौतुकात बुडू नये.

त्याच काळातली आणखी एक नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने जुन्या नोंदींची पडताळणी करून १,३२८ मृत्यू एकदम वाढवले. त्यातले ८६२ मुंबईचे होते. आलेखावर त्या दिवशी उंच सुळका दिसतो. आलेख पाहणाऱ्याला वाटावे, एका दिवसात कहर झाला. प्रत्यक्षात ते आधीच्या काळातले मृत्यू होते. चूक दुरुस्त करून ती उघड मांडली, हे चांगलेच झाले. पण ज्याने फक्त आलेख पाहिला आणि खालची टीप वाचली नाही, तो फसला.

कोणता आकडा कुठला

साकोलीच्या एखाद्या शिक्षकाला किंवा पवनीच्या सरपंचबाईंना आपल्या जिल्ह्याचे आरोग्य समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापासून करावी. त्याच्या पाचव्या फेरीत देशातील ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरे पाहिली गेली, आणि प्रत्येक जिल्ह्याची स्वतंत्र माहितीपत्रिका निघाली. भंडाऱ्याचीही आहे. प्रसूती कुठे झाली, मुलांना लसी मिळाल्या का, किती बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, घरात शौचालय आहे का, स्वयंपाक कशावर होतो, असे कितीतरी आकडे तीत सापडतात.

मात्र ती वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, महाराष्ट्रातले काम जून ते डिसेंबर २०१९ या काळात झाले. म्हणजे ही फेरी ‘२०१९-२१’ ची म्हणून ओळखली जात असली, तरी भंडाऱ्याचे चित्र कोरोनाच्या आधीचे आहे. दुसरी, वरच्या आकड्यांचा भागाकार केला तर जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरे येतात. नऊशे घरांतून जिल्ह्याचा अंदाज बरा येतो, पण तालुक्याचा येत नाही आणि गावाचा तर नाहीच. शिवाय अशा अंदाजात थोडे मागेपुढे होणे गृहीत असते. मागच्या फेरीपेक्षा दोन टक्क्यांनी आकडा हलला म्हणून पेढे वाटू नयेत आणि कुणाला नोटीसही देऊ नये. तिसरी, पत्रिकेत काही आकडे कंसात असतात, काही ठिकाणी नुसती चांदणी असते. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ जणांवरूनच काढला आहे. चांदणी म्हणजे २५ हूनही कमी, म्हणून छापलाच नाही. हा प्रामाणिकपणा आहे. पण पुढे कुणी तो आकडा उचलून भाषणात वापरतो, तेव्हा कंस पहिल्यांदा गळतो.

दुसरा स्रोत आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली, म्हणजे एचएमआयएस. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, सगळ्यांनी दर महिन्याला भरायचा हा हिशेब. त्यातल्या अहवालांचा काही भाग लोकांसाठी खुला आहे. इथे नमुना नाही, मोजणी आहे. पण मोजणी दवाखान्यात आलेल्यांची. जो आला नाही, तो यात नाही. त्यामुळे रक्तक्षयाचा सर्वेक्षणातला आकडा आणि एचएमआयएसमधला आकडा जुळत नाही, आणि लोक म्हणतात, एक खोटा असणार. दोन्ही खरे असू शकतात. सर्वेक्षणवाले घरी गेले आणि बोटाला टोचून रक्त पाहिले. दुसऱ्या हिशेबात तपासणीला आलेल्या गरोदर मातांचे हिमोग्लोबिन आहे. प्रश्नच वेगळे, मग उत्तरे सारखी कशी येणार?

जन्म-मृत्यूच्या नोंदींत याहून मोठा खड्डा आहे. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म किंवा मृत्यू जिथे घडला, तिथे त्याची नोंद होते. माणूस कुठला, यावर नाही. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. जोखमीची बाळंतीण, अपघातातला जखमी, हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, कमी वजनाचे बाळ, यातली बरीच गाडी शेवटी नागपूरकडेच वळते. तिथे बाळ दगावले, तर घटना नागपूरच्या खाती जाते. घर लाखांदूरचे, दुःख लाखांदूरचे, नोंद नागपूरची. मग नुसत्या घटनास्थळाच्या आकड्यांवरून भंडाऱ्यात बालमृत्यू कमी दिसले आणि नागपुरात जास्त, तर त्यावरून दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांची तुलना करणे हा अन्याय होईल. नोंदीत नेहमीचा पत्ताही लिहिलेला असतो. जिल्हावार तक्ता राहत्या पत्त्याप्रमाणे काढला आहे की घटनास्थळाप्रमाणे, एवढे तपासले तरी अर्धे भांडण मिटते.

भंडाऱ्यापुरता आणखी एक सापळा आहे. ‘भंडारा जिल्हा’ या नावाखाली १९९१ च्या जनगणनेत एकवीस लाखांवर लोक दिसतात. २००१ मध्ये ११,३६,१४६. दहा वर्षांत निम्मा जिल्हा गेला कुठे? गेला नाही, १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. जुन्या भंडाऱ्यात देवरी, आमगाव, सालेकसाही होते. इथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. पण पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसून तक्ता उतरवणाऱ्याला कोण सांगणार? हिवतापाचे १९९५ चे रुग्ण आणि २००५ चे रुग्ण शेजारी ठेवले, की भंडाऱ्याने हिवताप निम्म्यावर आणला, असा शोध लागायला वेळ लागत नाही.

मग हत्तीरोग. पूर्व विदर्भाला तो नवा नाही. डास चावून अंगात शिरलेले कृमी वर्षानुवर्षे राहतात आणि पाय सुजू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून सरसकट सगळ्यांना गोळ्या देण्याची मोहीम असते. डीईसी, अल्बेन्डाझोल आणि काही ठिकाणी सोबत आयव्हरमेक्टिन. रोगाची साखळी तुटायची, तर एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी दर फेरीत गोळ्या घ्यायला हव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. आता समजा, एका गावात १००० माणसे आहेत. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बायका, फार आजारी माणसे वगळली की ९०० पात्र राहिले. त्यातल्या ७२० जणांच्या घरी गोळ्या पोहोचल्या. पात्र लोकांवर हिशेब केला तर ८० टक्के. झकास! पण आशाताईंच्या समोर गिळल्या त्या ५४० जणांनीच. बाकीच्यांनी ‘जेवण झाल्यावर घेतो’ म्हणून फडताळात ठेवल्या. ५४० ला १००० ने भागले की उरतात ५४ टक्के. गाव निकषाच्या खाली. वाटलेल्या की गिळलेल्या, पात्र की एकूण, हे तक्त्याच्या मथळ्यात लिहिलेले नसेल, तर ८० आणि ५४ यांतला कोणता आकडा हाती आला, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि डासाला मथळा वाचता येत नाही.

पाण्याचेही असेच. भंडारा शहर पाणी वैनगंगेचे पिते. नागपूरचे सांडपाणी घेऊन निघालेली नाग नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते, आणि गोसीखुर्दच्या फुगवट्याचे पाणी साठून राहते, त्यामुळे इथल्या पाण्याची चर्चा वर्षभर असते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याच्या तपासण्या संकेतस्थळावर टाकते. त्यात बीओडी नावाचा रकाना पाहावा. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्याचे ते माप. आंघोळीच्या पाण्यातही ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून जास्त नसावे. पिण्याच्या पाण्याचा नियम याहून कडक : १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय जिवाणू अजिबात नको. जलजीवन मिशनच्या पाणी गुणवत्तेच्या पोर्टलवर गावाच्या पाण्याचे तपासणी निकाल शोधता येतात. नमुना नदीतला, टाकीतला की नळाचा, आणि पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, हे आधी पाहावे. उन्हाळ्यातला स्वच्छ नमुना दाखवून जुलैच्या हगवणीला उत्तर देता येत नाही.

साथींसाठी एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे साप्ताहिक अहवाल आहेत. देशात कुठे कोणत्या साथी उठल्या, किती आजारी, किती दगावले, त्यांची जिल्हावार यादी. या यादीत दोन तारखा असतात : साथ सुरू झाल्याची आणि ती कळवल्याची. रुग्णसंख्येपेक्षा या दोन तारखांमधले अंतर कधी कधी अधिक बोलके असते.

पीडीएफचा तुरुंग

आकडा संकेतस्थळावर आहे, एवढ्याने तो हाती लागतो असे नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी खुल्या डेटाला तारे देण्याची पद्धत सुचवली होती. खुल्या परवान्याने, पण नुसता पीडीएफ किंवा स्कॅन केलेला कागद टाकला, तर एक तारा. एक्सेलसारख्या तक्त्यात दिला, तर दोन. कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या, स्वल्पविरामांनी विभागलेल्या सीएसव्ही फायलीत दिला, तर तीन. चौथा आणि पाचवा तारा प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता देण्याचा आणि ती इतर डेटाला जोडण्याचा. आपल्याकडचा बराच डेटा पहिल्या ताऱ्याशी घुटमळतो.

मराठीत त्यावर आणखी एक कुलूप आहे, फॉन्टचे. जुने अहवाल कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टंकलेले. पडद्यावर अक्षरे सुंदर दिसतात, पण उचलून दुसरीकडे चिकटवली की निरर्थक चिन्हांची रांग. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच, त्यामुळे ‘मोहाडी’ शोधा, सापडत नाही. युनिकोडमध्ये टंकायला सरकारने सांगून वर्षे झाली. सवय जायची तेव्हा जाईल.

नावांची तऱ्हा वेगळीच. कुठे पवनी, कुठे पौनी. गावांमागे बुद्रुक, बु., बुज. असे तीन प्रकार. इंग्रजी स्पेलिंगची तर मोजदाद नाही. माणसाला ते एकच गाव आहे हे कळते, संगणकाला ती तीन गावे वाटतात. यासाठी केंद्राने प्रत्येक जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि गावाला स्थानिक शासन निर्देशिकेत एक ठरावीक क्रमांक दिला आहे. तक्ता करताना नावाशेजारी तो क्रमांक लिहिला, तर आरोग्याचा तक्ता पाण्याच्या तक्त्याला पाच मिनिटांत जोडता येतो. नाही लिहिला, तर कुणाची तरी रविवारची सुट्टी त्यात जाते.

गाव लहान, ओळख मोठी

आता उलट बाजू. सगळेच खुले करावे का? आरोग्याच्या बाबतीत याचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि ते विदर्भात सिकलसेलमुळे चटकन समजते.

नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. आज १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. कोणत्या तालुक्यात किती तपासणी झाली, किती वाहक, किती रुग्ण, हे आकडे जरूर खुले असावेत. औषधे किती मागवायची, रक्तपेढीची सोय कुठे करायची, हे त्यावरूनच ठरते. पण हाच तक्ता गावाच्या पातळीवर आला आणि त्यात ‘रुग्ण : १, स्त्री, वय १९’ असे दिसले, तर नाव लिहायची गरज उरते का? चारशे वस्तीच्या गावात ती मुलगी कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. सोयरीक घेऊन येणाऱ्याच्या कानावर ते दोन दिवसांत जाते. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी दोघांनी आपला अहवाल एकमेकांना दाखवणे शहाणपणाचे. तो गावाने पाहणे, ही वेगळी गोष्ट. एकदा अशी यादी फिरली, की पुढच्या तपासणी शिबिराला लोक येत नाहीत. म्हणजे खुलेपणाच्या नावाखाली डेटाच आटतो.

नाव काढून टाकले की माणूस झाकला, हा समज किती भाबडा आहे, ते अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनी यांनी मतदार यादी विकत घेतली, पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग जुळवले आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या आजारपणाची कागदपत्रे ओळखून काढली. त्यांच्या हिशेबाने, अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना या तीन गोष्टींवरून ओळखता येऊ शकत होते. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये कर्नाटकात विलगीकरणात ठेवलेल्यांच्या याद्या पत्त्यांसह प्रसिद्ध झाल्या. हेतू साथ रोखण्याचा होता. पण व्हॉट्सअॅपवर एकदा गेलेली यादी परत बोलावता येत नाही.

म्हणून जगभर साधा नियम पाळतात : रकान्यातली संख्या पाचाहून, काही ठिकाणी दहाहून कमी असेल, तर ती छापायची नाही, ‘५ पेक्षा कमी’ असे लिहायचे किंवा दोन-चार गावे मिळून एक आकडा द्यायचा. जन्मतारखेऐवजी वयोगट, गावाऐवजी तालुका. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच गोपनीयता सांगतो आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे.

याच्या नेमका उलटा प्रकारही दिसतो. गोपनीयतेची ढाल पुढे करून इमारतीची, यंत्राची, औषधसाठ्याची माहिती दडवली जाते. खाटेला, ऑक्सिजनच्या टाकीला, वायरिंगला कसली आली अब्रू? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचा विषय राज्यभर ऐरणीवर आला. कोणत्या सरकारी वा खासगी रुग्णालयाची तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या त्रुटी निघाल्या, त्या कधी दूर झाल्या, हा तक्ता उघड ठेवल्याने कोणत्याही रुग्णाचे गुपित फुटत नाही. आरोग्याच्या डेटात तो पहिल्या पानावर असावा.

सामान्य माणसानेही डेटा फक्त घ्यावा असे नाही, द्यावाही. सारसगणनेचे उदाहरण जवळचे आहे. गोंदिया, भंडारा आणि पलीकडच्या बालाघाटमधल्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांवर दरवर्षी पहाटे माणसे बसतात आणि सारस मोजतात. सगळीकडे ठरलेली वेळ, ठरलेली पद्धत. म्हणून यंदाचा आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवता येतो. तसेच गावच्या विहिरीची पातळी, बोरिंगच्या पाण्याची तपासणी, कुत्रा चावल्याच्या घटना मोजता येतील. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या खुल्या नकाशावर आपल्या गावचे उपकेंद्र, पावसाळ्यात बुडणारा रपटा, रुग्णवाहिका जिथपर्यंत येते ती जागा कुणालाही नोंदवता येते. २०१० च्या हैतीतल्या भूकंपानंतर जगभरच्या लोकांनी घरी बसून याच नकाशावर तिथले रस्ते काढून दिले आणि मदत पथकांनी ते वापरले.

देताना फायलीच्या वर पाच-सहा ओळी लिहाव्यात. मोजले कुणी, कधी, कुठे, कोणत्या साधनाने; ‘रुग्ण’ म्हणजे नेमका कोण; किती नोंदी गहाळ आहेत; आणि दुसऱ्याने वापरले तर चालेल का. रिकामा रकाना रिकामाच ठेवावा, तिथे शून्य भरू नये. मोजले नाही आणि मोजून काहीच सापडले नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक सापडली तर जुनी फाईल गुपचूप बदलू नये. दुरुस्ती केल्याची तारीख टाकून नवी ठेवावी.

एक अडचण मात्र सध्या कुणालाच टाळता येणारी नाही. मृत्युदर असो, लसीकरण असो की गोळ्यांची मोहीम, वरचा आकडा ताजा असतो आणि खालचा, म्हणजे ज्याने भागायचे ती लोकसंख्या, जुनी. भंडारा जिल्ह्याची शेवटची मोजलेली लोकसंख्या २०११ ची आहे : १२,००,३३४. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तोपर्यंत प्रत्येक कार्यालय आपापल्या अंदाजाने पुढचा आकडा धरते. एखाद्या गावाचे लसीकरण १०४ टक्के दिसले, तर हसण्याआधी छेदात कोणत्या वर्षाची लोकसंख्या घातली आहे, ते पाहावे.